मानपाड्याची रानवाट आणि शरदातील धाव

‘ऑटम’ या इंग्रजी शब्दास मराठीत ‘शरद’ हा प्रतिशब्द रूढ झालेला आहे, आणि शालेय पुस्तकांपासून तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही घोटाळा असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. परंतु इंग्लंड-अमेरिकेतील ऑटम म्हणजे पाने पिवळी-तांबडी होऊन गळण्याचा आणि हवा गार व कोरडी होत जाण्याचा काळ. रानातून धावण्यास यापेक्षा अनुकूल हंगाम नाही असे तिकडील व्यायामविषयक लेखनात वारंवार म्हटलेले असते, आणि त्या देशांपुरते ते यथार्थही आहे. हेच लेखन वाचून ठाणे-कल्याण परिसरातील तरुण मंडळी ऑक्टोबर उजाडला की रानवाटांकडे वळू लागतात. पाऊस सरलेला असतो, डोंगर हिरवे असतात, दिवाळीची सुटी तोंडावर आलेली असते. हा उपदेश आपल्या भूमीस कितपत लागू पडतो, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तो मानपाड्याच्या वाटेपुरता येथे विचारावयाचा आहे.

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे लोकांच्या बोलण्यात येतात. एक डोंबिवलीचे; तेथील मानपाडा रस्ता औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या सर्वांस परिचित आहे. त्या मानपाड्यास आता रान उरलेले नाही. दुसरा मानपाडा ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या पूर्व पायथ्याशी आहे. या लेखात अभिप्रेत आहे तो हा दुसरा. रस्त्याच्या एका अंगास उंच इमारतींची दाटी आणि दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द, अशी त्याची स्थिती आहे. वनखात्याचे निसर्ग परिचय केंद्रही येथेच आहे. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. त्याचे ठाण्याकडील तोंडही याच पायथ्याला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. बोरिवली ही त्याची पश्चिमेची बाजू आणि मानपाडा-येऊर ही पूर्वेची. पुढील विवेचनात या पूर्वपणाला महत्त्व येणार असल्याने ते आताच ध्यानात ठेवावे.

चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ साली भारतीय वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यातील दक्षिणी आर्द्र पानझडी या प्रकारात हे वन मोडते. साग, ऐन, किंजळ, हेद, कळंब, खैर, पळस, सावर ही येथील ओळखीची झाडे. ‘पानझडी’ या शब्दावरून पानगळ शरदात होत असावी असा ग्रह होण्याचा संभव आहे, पण तसे होत नाही. शीत कटिबंधातील वृक्ष पाने टाकतात ते मुख्यतः आखूड होत जाणारा दिवस आणि येऊ घातलेली थंडी यांमुळे. आपल्याकडील वृक्ष पाने टाकतात ते जमिनीतील पाणी आटल्यामुळे. ठाण्यास वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबरात जमीन पाण्याने तृप्त असते. पाने टाकण्याचे झाडास काही कारणच नसते. ती वेळ माघ-फाल्गुनात येते. सागाची मोठाली पाने पायांखाली चुरडू लागतात, पळस व सावर निष्पर्ण होऊन फुलतात, आणि तोवर उन्हाळा दाराशी आलेला असतो.

म्हणजे ऑटममध्ये जे तीन गुण एकत्र येतात ते येथे वर्षभर विखुरलेले आहेत. उघडीप शरदात मिळते, गारवा हेमंतात आणि पानगळ शिशिराच्या शेवटी. शरदाच्या वाट्यास यांतील पहिला गुण तेवढा आला आहे. आपल्या पूर्वजांना शरदाचे हे स्वरूप चांगले ठाऊक होते असे दिसते. वर्षेत साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकुपित होते, म्हणून या ऋतूत ऊन टाळावे, असे आयुर्वेद सांगतो. शरद ही वैद्यांची आई होय, अशा अर्थाची एक मिस्कील संस्कृत उक्तीही प्रसिद्ध आहे. काव्यातला शरद चांदण्याचा आहे खरा, परंतु चांदण्यात धावावयास कोणी जात नाही. आणि मानपाड्यास तर जाऊच नये, हे पुढे येईल.

आता हवेचा विचार करू. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरला माघार घेतो. त्याच सुमारास समुद्रावरून येणारा जोराचा वारा पडतो, ढग विरतात आणि पाऱ्याची चढण सुरू होते. सांताक्रूझ वेधशाळेचे ऑगस्टमधील सरासरी कमाल तापमान तीस अंशांच्या आसपास असते. ऑक्टोबरात ते तेहतीस-चौतीसपर्यंत जाते. यालाच लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात.

धावणाऱ्याच्या शरीराला मात्र नुसत्या तापमानाशी कर्तव्य नसते. सपाटीवर एक किलोमीटर धावण्यास देहभाराच्या दर किलोग्रॅममागे ढोबळ मानाने एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोचा मनुष्य ताशी आठ किलोमीटर वेगाने तासभर धावला तर ४८० किलोकॅलरी खर्च होतील. यांपैकी स्नायूंच्या कार्यास लागतो तो फार तर चौथा हिस्सा. उरलेली सुमारे ३६० ते ३८० किलोकॅलरी ही निव्वळ उष्णता असते. ही उष्णता शरीराबाहेर गेलीच नाही असे क्षणभर मानू. मानवी देहाचे विशिष्ट उष्मामान सुमारे ०.८३ आहे, म्हणजे साठ किलोच्या देहाचे तापमान एक अंशाने वाढावयास पन्नास किलोकॅलरी पुरतात. तेव्हा दर आठ मिनिटांस एक अंश या वेगाने देह तापत जाईल आणि अर्ध्या तासाच्या आत तो ४० अंशांच्या, म्हणजे उष्माघाताच्या, सीमेवर येऊन ठेपेल. असे प्रत्यक्षात घडत नाही याचे श्रेय मुख्यत्वे घामाला आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे आपल्या उदाहरणातील धावपटूस तासाला साधारण पाऊण लिटरहून थोडा कमी घाम वाळविता आला तर भागते. पण येथे ‘वाळविता’ हाच शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम हनुवटीवरून ठिबकून मातीत पडतो त्याने देह तिळमात्र निवत नाही.

घाम वाळतो किती हे त्वचेलगतच्या आणि भोवतालच्या हवेतील बाष्पदाबांच्या अंतरावर ठरते. येथे सापेक्ष आर्द्रतेचे आकडे वाचकास हमखास चकवितात. समजा, शरदातील एका पहाटे तापमान २४ अंश व सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के आहे, आणि त्याच दिवशी दुपारी तापमान ३३ अंश व आर्द्रता ५६ टक्के आहे. आकड्यांवरून पहाट दमट व दुपार कोरडी वाटेल. परंतु हिशेब केला असता दोन्ही वेळी हवेतील बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २१ मिलिमीटरांइतकाच येतो. त्वचेचे तापमान ३५ अंश धरले तर तेथील संपृक्त बाष्पदाब सुमारे ४२ मिलिमीटर. अंतर दोन्ही वेळी २१. म्हणजे घाम वाळण्याची अनुकूलता पहाटे व दुपारी जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो दुसऱ्या दोन गोष्टींमुळे. पहाटे त्वचा हवेपेक्षा अकरा अंशांनी उष्ण असल्याने घामाविनाच पुष्कळ उष्णता हवेस देता येते, तर दुपारी हा फरक दोन अंशांवर येतो. शिवाय दुपारी उन्हाची उष्णता वरून अंगावर येते ती वेगळी. म्हणून ‘सकाळी दमट असते, दुपारी कोरडे असते, तेव्हा दुपार बरी’ हा जो युक्तिवाद व्यायामशाळांतून ऐकू येतो तो टिकणारा नाही. तुलनेसाठी जानेवारीतील पहाट घ्यावी. १७ अंश व ७५ टक्के आर्द्रता असता बाष्पदाब ११ मिलिमीटरांच्या आत राहतो आणि अंतर ३१ वर जाते. ऑटमचे गुण आपल्याकडे शोधावयाचेच असतील तर ते पौषात सापडतात ते असे.

ऊन, बाष्प व वारा या तिहींचा एकत्र परिणाम एका आकड्यात सांगण्यासाठी याग्लू व मिनार्ड यांनी १९५७ साली एक निर्देशांक मांडला. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणतळांवर उष्माघाताने होणारी हानी हे त्याचे निमित्त. ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापीच्या वाचनाचे सात दशांश, काळ्या गोलातील तापमापीचे दोन दशांश आणि साध्या तापमापीचे एक दशांश, अशी ती बेरीज आहे. हा निर्देशांक २८ अंशांपलीकडे गेला असता लांब पल्ल्याच्या शर्यती घेऊ नयेत असा क्रीडावैद्यकातील परिचित संकेत आहे. उदाहरणादाखल, झाडीतील २५ अंश तापमानाच्या व ९२ टक्के आर्द्रतेच्या सकाळी तो २४ च्या थोडा पुढे येतो. ३३ अंश व ६० टक्के असलेल्या भर उन्हात, काळा गोल ४५ अंशांपर्यंत तापला असे धरल्यास, तो ३१ होतो. ही मानपाड्यातील मोजमापे नव्हेत, केवळ गणिते आहेत. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन महिने प्रत्यक्ष वाचने घेऊन ती या पायथ्याकरिता तपासून पाहिली तर ते काम खचितच उपयोगी ठरेल.

पूर्व उताराचा मुद्दा येथे पुढे येतो. ऑक्टोबरच्या मध्यास ठाण्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास व सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. बोरिवलीच्या बाजूस सकाळी डोंगराची सावली काही काळ रेंगाळते. मानपाड्याचा उतार सूर्यासमोर उघडा असल्याने कोवळे किरण थेट त्यावर पडतात आणि झाडी जेथे विरळ आहे तेथे आठ-साडेआठालाच चटका जाणवू लागतो. संध्याकाळी याच्या उलट. सूर्य डोंगरामागे जाताच पंचांगातील सूर्यास्तापूर्वीच हा उतार सावलीत बुडतो. गारवा लवकर येतो, पण काळोखही लवकर येतो. उष्णतेचा एवढाच विचार करणारा मनुष्य म्हणेल की तर मग पहाटे साडेपाचला अथवा संध्याकाळी साडेसहाला धावावे. शास्त्रदृष्ट्या त्याचे म्हणणे निर्दोष आहे. तथापि त्या वेळांवर दुसऱ्या कोणाचा हक्क आधीच पोहोचलेला आहे.

या उद्यानात व त्याच्या लगतच्या भागात २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात ३५ बिबट्यांची नोंद झाली. एवढ्याशा क्षेत्रास हा आकडा मोठाच म्हणावा लागेल. हरिण-सांबरांबरोबरच वस्तीच्या कडेची भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा लक्षणीय भाग असल्याने पायथ्याची पट्टी, म्हणजे नेमकी मानपाड्यासारखी जागा, त्यांच्या फेऱ्यांत येते. बिबट्या मुख्यत्वे निशाचर. संधिप्रकाशाच्या दोन्ही वेळा त्याच्या हालचालीच्या. मनुष्य हे त्याचे स्वाभाविक भक्ष्य नव्हे आणि बहुतेक वेळा तो आपल्याला दिसण्यापूर्वीच वाट सोडून जातो, हे खरे. पण वाकलेली, एकटी अथवा धावत दूर जाणारी आकृती मार्जारकुलातील प्राण्याची पाठलागाची प्रवृत्ती चाळवू शकते, आणि धावपटूचा तर धावणे हाच उद्योग. बिबट्या दिसल्यास धावणे तत्काळ थांबवावे, उभे राहून मोठ्याने बोलावे, पाठ न फिरविता मागे सरावे. हा नियम पाळणे ऐन धावेत असलेल्याला इतरांपेक्षा अवघड जाते, म्हणूनच त्याची उजळणी आधी झालेली असावी. टपालाच्या जुन्या काळी रानातून धावणारे डाकवाले भाल्याला घुंगरू बांधून जात. श्वापदांना अगोदर चाहूल लागावी हा त्याचा एक हेतू. आजचा धावपटू त्याऐवजी स्वतःच्याच कानांत बोळे घालून संगीत ऐकत जातो, याला प्रगती म्हणणे कठीण आहे.

येऊरच्या पाड्यांतील वारली मंडळींना हे सहजीवन नवे नाही. वाघोबाची स्थाने ठाणे-पालघर परिसरात ठिकठिकाणी आहेत, आणि आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस याच शरदात येते. शहरी व्यायामपटूस ही वाट क्रीडांगण वाटते. पाड्यातील माणसाला ती बाजाराची, शाळेची, गवताच्या भाऱ्याची वाट असते. डोक्यावर ओझे घेऊन उतरणाऱ्या बाईस अरुंद वाटेवर बाजूला व्हावयास लावणे हा उर्मटपणा होय, एवढे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून पुढे जाऊ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २७ व २८ मधील प्रवेशाचे निर्बंध राष्ट्रीय उद्यानांस कलम ३५ अन्वये लागू होतात. प्रवेशपरवाना ज्या प्रयोजनांसाठी देता येतो त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन ही आहेत. खेळ वा व्यायाम यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे धावपटू कायद्याच्या दृष्टीने पर्यटकच ठरतो, आणि पर्यटकास जी वाट व जी वेळ खुली असेल तीच त्याची. अंधारात कुंपण ओलांडून जाणारा बिबट्याच्या वाटेत तर येतोच, शिवाय गुन्हाही करतो.

या सर्वांचा मेळ घातला की शरदात धावावयास उरतो तो सूर्य उगवून पुरता उजेड पडल्यापासून ऊन तापेपर्यंतचा, म्हणजे सुमारे पावणेसात ते सव्वाआठपर्यंतचा दीड तास. त्यातही प्रवेशद्वार कधी उघडते यावर तो आणखी आखूड होण्याचा संभव. दीड तासांत पंधरा किलोमीटर धावण्याची गणिते सपाट रस्त्यावरची. ती येथे आणू नयेत.

कारण वाटेची जमीनही शरदात विशेष फसवी असते. हा सारा डोंगर ज्वालामुखीजन्य खडकांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या दख्खनच्या उद्रेकमालिकेतला. चार महिने भिजलेल्या काळ्या पाषाणावर शेवाळाचा पातळ थर असतो. ऊन लागलेला भाग वाळून घट्ट पकड देतो आणि दोन पावलांवर सावलीतील तोच खडक साबणासारखा निसटतो. पावसाळ्यात सगळेच निसरडे असल्याने मनुष्य जपून असतो. वैशाखात सगळेच कोरडे असते. शरदात दर दहा पावलांना हिशेब बदलतो, आणि घोटे मुरगळतात ते याच बदलात. उतारावरील मुरूम वरून वाळलेला पण आतून ओला असल्याने पायाखालून सरकतो. इटलीतील मिनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविल्याप्रमाणे वीस टक्क्यांच्या उतारावर धावण्याचा ऊर्जाखर्च सपाटीच्या निम्म्यावर येतो. पण तो हिशेब श्वासाचा. मांडीच्या स्नायूंचा नव्हे. उतरताना ते ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात. दम लागत नाही म्हणून वेग वाढविणाऱ्यास जिना उतरताना दुसऱ्या दिवशी याचा प्रत्यय येतो. तीव्र चढावर याउलट सरळ चालावे. चढावर धावण्याने वेळ फारसा वाचत नाही आणि वर हिशेब केलेली उष्णता मात्र झपाट्याने वाढते.

उरलेले काही तपशील. शरदात मोठे रानकोळी वाटेच्या आडवी, तोंडाच्या उंचीवर जाळी विणतात. सोनेरी धाग्यांची ही जाळी सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात, अंधारात दिसत नाहीत. तेरडा सुकत येतो, गवत पिकते आणि त्याची कुसळे मोज्यांत शिरून कातड्यापर्यंत पोहोचतात. पोटरीपर्यंतचे जाड मोजे घातल्यास ती बरीचशी बाहेर राहतात. सर्पांत घोणस व हिरवा चापडा यांची येथे विशेष दखल घ्यावयास हवी. आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर तयार केलेले असते. चापड्याच्या विषाचा त्यात अंतर्भाव नाही. चापडा हिरव्या पानांत आणि कमरेच्या उंचीच्या फांदीवरही बसतो, म्हणून तोल सावरण्यासाठी फांदी पकडण्याची सवय सोडावी.

कोणी बरळू लागला, लटपटू लागला किंवा घाम येत असूनही अंग भट्टीसारखे लागले, तर त्याला आधी थंड करावे आणि मग हलवावे. रानातून खाली नेण्यात गेलेली वीस मिनिटे मेंदूस व यकृतास महाग पडतात. येथे शरदाने एक सोय करून ठेवली आहे. ओढे अद्याप वाहते असतात. खळाळ फार नसेल तर त्यात मानेपर्यंत बसवावे, डोके धरून ठेवावे आणि डोक्यावर सतत पाणी ओतावे. ओढा दूर असल्यास जवळचे सगळे पिण्याचे पाणी अंगावर रिकामे करून वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पाणी पिण्याचेही प्रमाण तहानेवर सोडलेले बरे. दीड तासाच्या संथ धावेत बाटल्यामागून बाटल्या रिचविल्याने रक्तातील क्षार पातळ होण्याचा दोष संभवतो.

पावसाळाभर नियमाने धावत असलेल्यास हा सारा काळ तितका जड जात नाही, कारण उष्ण हवेस देह सरावण्यास लागणारे दहा ते चौदा दिवस त्याने केव्हाच पार केलेले असतात. चार महिने घरात बसून घटस्थापनेस एकदम निघणाऱ्याने पहिला पंधरवडा नुसते चालावे. ज्याला गारव्यातच धावावयाचे आहे त्याने मार्गशीर्ष उजाडेपर्यंत थांबावे. आणि ज्याला पानगळच हवी आहे त्याला फाल्गुनाखेरीज गत्यंतर नाही. तोवर वरचे छत्र गळून वाट उन्हात उघडी पडते, ओढे आटतात, वणव्याच्या भीतीने वनखाते जाळरेषा काढू लागते, आणि वाळक्या सागपानांवर पडणारे प्रत्येक पाऊल रानातल्या सर्वांना दुरून ऐकू जाते.